भांडणाआधीचा राजीनामा

‘राजीनामा’ म्हटले की आज आपल्याला एखाद्या मंत्र्याची गेलेली खुर्ची आठवते. पेशवाईत या शब्दाचा अर्थ निराळा होता. दोघांचा तंटा पंचांपुढे आला की पंच आधी दोन्ही पक्षांकडून एक कागद लिहून घेत. आम्ही राजीखुशीने या पंचांपुढे आलो आहोत, ते देतील तो निवाडा आम्हांस मान्य राहील, असा त्याचा मजकूर. तो राजीनामा. निवाडा झाल्यावर हरलेल्याने लिहून द्यायचे ते यजितखत. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली या मुलखाविषयी जो प्रसिद्ध अहवाल लिहिला, त्यात पंचायतींच्या दिरंगाईबद्दल त्याने पुष्कळ नाके मुरडली आहेत. पण लोकांना न्याय मिळवून देणारे मोठे साधन तेच होते, हेही त्याने कबूल केले आहे. पुढे १८७०च्या दशकात पुण्याच्या सार्वजनिक सभेने लवाद कोर्टे काढली, तीही सरकारी कोर्टाची पायरी न चढता आपसांतले तंटे आपल्यातल्याच जाणत्या माणसांकडून मिटवावेत म्हणून.

तेव्हा लवाद या गोष्टीशी माझे काही वैर नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. उलट, चार शहाण्यांनी बसून मिटवलेले भांडण हे कोर्टात पंधरा वर्षे कुजलेल्या भांडणापेक्षा केव्हाही चांगले. पण जुन्या राजीनाम्याच्या तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. तो भांडण झाल्यावर लिहिला जाई. तो दोघेही लिहीत. आणि पंच कोण आहेत हे दोघांनाही ठाऊक असे. आज आपण सगळे मोबाइलवर जो राजीनामा रोज देत आहोत त्यात या तिन्हींपैकी एकही गोष्ट नाही. भांडण अजून व्हायचे आहे, लिहून देणारे एकटे आपण आहोत, आणि पंच कोण ते समोरचा ठरवणार आहे.

मी पैसे देण्याघेण्याच्या ॲपबद्दल बोलतो आहे. भाजीच्या गाडीवर लटकणारा तो काळापांढरा चौकोन आता कुणाला नवा राहिलेला नाही. २०१६ साली यूपीआय सुरू झाले तेव्हा माझ्यासारख्या जुन्या बँकवाल्यांनी माना हलवल्या होत्या. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात त्यावर २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. व्यवस्था उत्तम आहे, आणि ती आपण उभी केली याचा मला अभिमानही आहे. माझा आक्षेप आहे तो ॲप पहिल्यांदा उघडताना येणाऱ्या ‘अटी व शर्ती मान्य आहेत’ या चौकटीबद्दल. आपण तिच्यावर अंगठा टेकवतो. एकेकाळी निरक्षर माणूस कागदावर अंगठा उठवी म्हणून आपण त्याला अंगठेबहाद्दर म्हणत होतो. आता पदवीधरांचे घरदार काचेवर अंगठा उठवते आहे, आणि कागदात काय लिहिले आहे याची माहिती दोघांनाही सारखीच.

गेल्या महिनाभरात मी अशा चार-पाच करारांची पारायणे केली. नावे घेत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. बटण मराठीत असते, पण त्याखालचा करार उघडला की बहुधा इंग्रजीच निघतो. छापला तर पंचवीस-तीस पाने. कादंबरीकार म्हणून मला त्याची एक गंमत वाटली. त्यात दोनच पात्रे आहेत, ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’. ‘आम्ही’ सगळे काही ‘आमच्या मर्जीनुसार’ करतो आणि ‘तुम्ही’ सगळ्याला संमती देता. अशी कादंबरी मी लिहिली असती तर माझ्या प्रकाशकाने ती परत पाठवली असती. असो. सगळ्या करारांत नसले तरी काहींत, अगदी शेवटाकडे, जिथे वाचणाऱ्याचे डोळे पेंगुळतात तिथे, लवादाचे कलम होते. काही वाद उद्भवल्यास तो एकाच लवादाकडे जाईल, लवाद कंपनी नेमेल, कामकाज अमुक शहरात आणि इंग्रजीत चालेल, निर्णय दोघांवर बंधनकारक राहील.

मी १९८२ साली बँकेत लागलो. तेव्हाही ग्राहक फॉर्म वाचत नव्हते. सही कुठे करायची तिथे काउंटरवरचा क्लार्क शिसपेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवी आणि ग्राहक फुल्या शोधत शोधत सह्या करी. तेव्हाचे ग्राहक फार जागरूक होते असे मुळीच नाही. फरक इतकाच की त्या फॉर्मामागे माणूस बसलेला असे. पासबुकात घोळ झाला तर ग्राहक मॅनेजरच्या केबिनचे झुलते दार ढकलून आत येई, आवाज चढवी, चहा पिई आणि लेजर उघडायला लावून आपली चूक की बँकेची ते तिथेच ठरवून जाई. भागले नाही तर तक्रारवही होती, विभागीय कार्यालय होते, आणि १९९५पासून रिझर्व्ह बँकेचा लोकपालही होता. बचत खात्याच्या फॉर्मावर लवादाचे कलम माझ्या पाहण्यात कधी आले नाही. ज्याचे हजार-दोन हजार रुपये आपल्याकडे आहेत त्याला परगावच्या लवादापुढे उभे करावे, ही कल्पना त्या काळी कुणाला सुचली असती तर आमच्या युनियनवाल्यांनीच त्याची टर उडवली असती.

हा सगळा विषय माझ्या डोक्यात शिरला तो आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंमुळे. त्यांची यात्रेची विमानतिकिटे रद्द झाली आणि परताव्याचे १४,२०० रुपये त्यांच्या मोबाइलमधल्या वॉलेटमध्ये जमा झाले. आठ दिवसांनी वॉलेटला कुलूप. ओळखीची कागदपत्रे अपुरी आहेत म्हणे. बाईंनी आधारकार्ड पाठवले, पॅनकार्ड पाठवले, पुन्हा पाठवले. दर वेळी तेच यांत्रिक उत्तर: आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. बाई गणित शिकवत असत. उत्तर चुकले तर पायरी-पायरीने मागे जायचे ही त्यांची सवय. त्यांनी तो संपूर्ण करार छापून घेतला आणि लाल पेनने खुणा करत वाचून काढला. शेवटाकडचे लवादाचे कलम सापडल्यावर त्या माझ्याकडे आल्या, पण विचारायला नव्हे, आपण हे पैसे सोडून देत आहोत एवढे सांगायला.

“अहो भाऊसाहेब, त्या गावाला जाऊन-येऊनच माझे सात-आठ हजार जातील. वर लवादाची निम्मी फी माझ्या डोक्यावर. त्यापेक्षा गेले ते गेले.”

मी म्हटले, “बाई, ते कलम तुम्हांला लागू करता येत नाही. तुम्ही ग्राहक आहात.”

त्यावर त्या जे बोलल्या ते माझ्या मनातून जात नाही. “पण मी मान्य आहे म्हटलंय ना. वाचलं नाही हा माझा दोष. आता शब्द कसा फिरवायचा?”

कायद्याची बाजू त्यांना सांगितली तीच इथे थोडक्यात मांडतो, कारण ती पुष्कळांना ठाऊक नसते. आपल्याकडे लवादाचा कायदा १९९६चा आहे. करारात लवादाचे कलम असेल तर न्यायालयाने प्रकरण लवादाकडे धाडावे, असे त्याचे आठवे कलम सांगते. २०१५ साली या कलमात दुरुस्ती होऊन ते अधिक कडक झाले, तेव्हा कंपन्यांच्या वकिलांना वाटले की आता ग्राहक न्यायालयांचेही हात बांधले गेले. एमार एमजीएफ या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात हा मुद्दा राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे आला. आयोगाच्या मोठ्या पीठाने जुलै २०१७मध्ये तो फेटाळला, आणि डिसेंबर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही आयोगाचेच म्हणणे उचलून धरले. त्यापूर्वी २०१२ साली आंध्रातल्या शेतकऱ्यांच्या निकृष्ट बियाण्यांच्या खटल्यातही न्यायालयाने हेच म्हटले होते. ग्राहक कायदा हा इतर कायद्यांखेरीजचा जादा उपाय आहे. ग्राहकाला लवादाकडे जायचे असेल तर त्याने खुशाल जावे, पण त्याला ग्राहक आयोगाकडे जायचे असेल तर करारातले कलम दाखवून त्याला अडवता येणार नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या शंभराव्या कलमात हे जादा उपायाचे तत्त्व कायम आहे.

शिवाय या नव्या कायद्याने आणखी एक मोठी सोय केली. ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे त्याला तक्रार करता येते. कंपनीचे मुख्य कार्यालय कोणत्या शहरात आहे हे पाहावे लागत नाही. मोबदल्याची रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही. वकील लावण्याची सक्ती नाही. आणि पैशांच्या ॲपबाबत तर त्याच्याही आधी रिझर्व्ह बँकेचा दरवाजा आहे. वॉलेट कंपन्याही आता लोकपालाच्या कक्षेत येतात. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही तर लोकपालाकडे जायचे. फुकट. इथे एक खाचखळगा मात्र जरूर ध्यानात ठेवावा. २०२१च्या एकात्मिक लोकपाल योजनेत अशी अट घातली गेली की तीच तक्रार आधी एखाद्या लवादापुढे गेलेली असेल तर लोकपाल ती घेत नाही. म्हणजे बाईंसारखा प्रामाणिक माणूस कलमाचा मान राखून आधी लवादाकडे गेला, तर फुकटचे दार स्वतःच्याच हाताने बंद करून बसेल!

आणि लवादाची फी? लवाद कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात नमुन्याचे दर दिले आहेत. ५ लाखांपर्यंतच्या वादासाठी ४५,००० रुपये. लवाद एकटाच असेल तर त्यावर आणखी २५ टक्के. चौदा हजारांच्या दाव्यासाठी हा हिशेब कुणीही मांडू नये म्हणूनच तर ग्राहक कायदा झाला.

लवाद कंपनीने एकट्यानेच नेमायचा, ही अटही आता टिकण्यासारखी राहिलेली नाही. ज्याचा निकालात स्वार्थ आहे त्याने एकट्याने लवाद नेमू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली पर्किन्स ईस्टमन प्रकरणात सांगितले. नोव्हेंबर २०२४मध्ये रेल्वेच्या एका कंत्राटाच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने अशी एकतर्फी नेमणूक समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली. म्हणजे बाईंच्या करारातले ते कलम एकदा नव्हे, दोनदा निकालात निघालेले आहे.

मग ते छापतात कशाला? मी पुष्कळ विचार केला आणि मला एकच उत्तर सुचते. न्यायालयात उपयोग नसला तरी ते न्यायालयाबाहेर उपयोगी पडते. करार न वाचणारा माणूस रागारागाने ग्राहक आयोगात जातो आणि त्याचे काम होते, कारण असे काही कलम आहे हे त्याला माहीतच नसते. करार वाचणारा, दिलेल्या शब्दाचे ओझे वाटणारा माणूस ते कलम वाचून घरी बसतो. ज्याला कायदा ठाऊक आहे त्याच्यावर हे कलम चालत नाही, ज्याला काहीच ठाऊक नाही त्याच्यावरही चालत नाही. ते चालते फक्त बाईंवर. उभ्या आयुष्यात मुलांना ‘आधी प्रश्न नीट वाचा’ म्हणून सांगणाऱ्या बाईंना वाचल्याची शिक्षा व्हावी, याचा मला खरोखर संताप आला.

बाईंकडून मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एक पानाचे पत्र लिहून घेतले. रक्कम, तारखा, पाठवलेल्या कागदपत्रांची यादी, आणि शेवटी दोन वाक्ये: ३० दिवसांत रक्कम मोकळी न झाल्यास मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे आणि गरज पडल्यास माझ्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाईन. सोळाव्या दिवशी पैसे बँकेच्या खात्यात आले. लवादाचा शब्दही कंपनीने काढला नाही. आपल्या कलमाची किंमत काय आहे ते तिथल्या माणसांना चांगलेच माहीत असणार. कलम अर्थात अजून त्या करारात आहे.

कुणी म्हणेल, मेलेल्या सापाला कशाला धोपटता? पण साप सगळीकडे मेलेला नाही. अमेरिकेत काय झाले ते पाहण्यासारखे आहे, कारण तिथली गोष्ट थेट पैशांच्या ॲपपासूनच सुरू होते. २००२ साली पेपॅल ही कंपनी अगदी नवी होती. खाती गोठवली, पैसे अडकले, म्हणून काही ग्राहक कॅलिफोर्नियातल्या संघराज्य न्यायालयात गेले. कंपनीने करारातले लवादाचे कलम पुढे केले. न्यायाधीशांनी ते अन्यायकारक ठरवून बाजूला सारले. त्यांचे कारण कुठल्याही बँक कारकुनाला पटण्याजोगे होते. या कंपनीमार्फत होणारा सरासरी व्यवहार ५५ डॉलरचा. एवढ्यासाठी देशभरातल्या लोकांनी कॅलिफोर्नियातल्या एका परगण्यात येऊन लवादापुढे उभे राहावे, यात कसला वाजवीपणा?

नऊ वर्षांनी चित्र पालटले. एका दांपत्याने ‘फुकट’ म्हणून घेतलेल्या मोबाइलवर ३०.२२ डॉलर विक्रीकर लावला गेला, आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांच्या वतीने दावा दाखल झाला. एप्रिल २०११मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की १९२५च्या लवाद कायद्यापुढे राज्याचा ग्राहकहिताचा नियम टिकणार नाही. करारात एकत्र दाव्याला बंदी आणि लवादाची सक्ती असेल तर तसेच झाले पाहिजे. ३० डॉलरसाठी कोणता वकील एकट्याचा खटला हाती घेईल, असा साधा प्रश्न न्यायमूर्ती ब्रेयर यांनी भिन्नमत नोंदवताना विचारला होता. त्याला उत्तर नव्हतेच. पुढच्याच वर्षी पेपॅलने लवादाचे कलम पुन्हा आणले. ज्यांना ते नको असेल त्यांनी तसे कळवावे, अशी सवलत ठेवली, पण कळवायचे कसे? टपालाने, कागदावर पत्र लिहून! जी कंपनी पृथ्वीच्या या टोकाचा पैसा त्या टोकाला तारेवरून पाठवते तिला नकार मात्र पाकिटात घालून हवा होता. २०१७ साली तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने आर्थिक करारांतून एकत्र दाव्यावरची ही बंदी काढण्याचा नियम केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिनेटने तो ५१ विरुद्ध ५० मतांनी मोडीत काढला. बरोबरीची कोंडी उपराष्ट्राध्यक्षांच्या मताने फुटली.

याच गोष्टीतला एक विनोदी प्रवेश सांगायचा मोह आवरत नाही. लवादाची प्राथमिक फी बहुतांशी कंपनीने भरायची असा तिकडचा रिवाज. तेव्हा काही चतुर वकिलांनी ॲमेझॉनविरुद्ध एकेकट्या ग्राहकाचे असे सुमारे ७५,००० लवाद अर्ज दाखल केले. फीचा आकडा कोट्यवधी डॉलरवर गेला, आणि २०२१ साली ॲमेझॉनने गुपचूप आपल्या करारातून लवादाचे कलम काढून टाकले. ग्राहकाने न्यायालयात जावे, आमची हरकत नाही!

भारतात आपण यातून वाचलो आहोत ते न्यायालयाने केलेल्या अर्थामुळे. शंभराव्या कलमात ‘लवाद’ हा शब्द नाही. २०१५ची दुरुस्ती झाली तेव्हा या अर्थालाच धक्का लागतो की काय अशी वेळ आली होती, ती टळली. उद्या संसदेने लवाद कायद्यात आणखी एखादी दुरुस्ती केली तर मुद्दा पुन्हा उपस्थित होऊ शकतो. आणि तेव्हा कोट्यवधी करारांत ते कलम आयते तयार असेल.

दुसरे असे की ग्राहक तक्रारदार असताना ज्याला काही किंमत नाही तेच कलम ग्राहकावर दावा होतो तेव्हा जागे होते. ही ॲपे आता नुसती पैसे पोचवत नाहीत, कर्जही देतात. ‘आता घ्या, नंतर द्या’ म्हणत पाच-दहा हजारांचे कर्ज चहा पिता पिता मंजूर होते. त्या कर्जाचा करार वेगळा, धनको बहुधा एखादी वित्तीय कंपनी, आणि तिच्या करारातही लवादाचे कलम असते. हप्ते थकले की परगावहून लवादाची नोटीस येते. वाहनकर्जाच्या बाबतीत हे आम्ही बँकवाले वर्षानुवर्षे पाहत आलो. जळगावच्या टेम्पोवाल्याला चेन्नईची इंग्रजी नोटीस. तो ती घडी करून देवघरातल्या फोटोमागे ठेवतो. मग एकतर्फी निवाडा होतो, आणि त्या निवाड्याची अंमलबजावणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी करता येते. त्याविरुद्ध न्यायालयात जायची मुदत तीन महिन्यांची, पुढे फार तर ३० दिवस. घरात तरुण मुले असतील तर त्यांना हे आजच सांगून ठेवा: अशी नोटीस आली तर ती फोटोमागे ठेवायची नाही. या लवादाची नेमणूक आम्हांला मान्य नाही, ती एकतर्फी आहे, असे लगेच रजिस्टर पोस्टाने लिहून कळवायचे आणि वकिलाला दाखवायचे.

इथे आपल्याच कायद्यातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते. लवाद म्हणून कोण अपात्र, याची यादी कायद्यात आहे. पक्षकारांना ही अपात्रता माफ करता येते, पण केव्हा? बाराव्या कलमाची पाचवी पोटकलम सांगते, वाद उद्भवल्यानंतर, आणि तीही स्पष्ट, लेखी करारानेच. म्हणजे पेशवाईतल्या पंचांना जे कळत होते ते आपल्या संसदेलाही २०१५ साली सुचले होते. भांडण काय आहे, केवढ्याचे आहे, हे समजल्यावरच माणूस पंचाला खऱ्या अर्थाने होकार देऊ शकतो. हाच न्याय ग्राहकाच्या सगळ्या करारांना लावला तर प्रश्न मिटतो.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. ग्राहक आयोगाने तीन महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षे जातात, तारखा पडतात, सदस्यांच्या जागा रिकाम्या राहतात. झटपट लवाद खरोखर झाला तर तो ग्राहकालाही हवाच आहे. शेअरबाजारातल्या तक्रारींसाठी सेबीने २०२३ साली जी ऑनलाइन व्यवस्था उभी केली तीत आधी समेटाचा प्रयत्न होतो आणि नंतर लवाद, पण लवाद दलालाच्या मर्जीतला नसतो, व्यवस्थेने नेमलेला असतो. रिझर्व्ह बँकेनेही २०२० साली अडकलेल्या व्यवहारांच्या तक्रारी ऑनलाइन, शक्यतो माणसाचा हात न लागता मिटवण्याची व्यवस्था करायला पैसे देण्याघेण्याच्या यंत्रणांना सांगितले. असे काही कंपन्या करणार असतील तर त्यांनी जरूर करावे. ती सोय चांगली असेल तर लोक आपणहून तिकडे जातील. सक्तीचे कलम लागणार नाही.

आता हे कलम काढायचे कुणी? बाईंनी? २०१९च्या कायद्यात ‘अनुचित करार’ अशी एक नवी संज्ञा आहे आणि तसा करार रद्द ठरवून घेता येतो. पण त्यासाठी जिल्ह्यात नव्हे, राज्य आयोगाकडे जावे लागते. चौदा हजारांसाठी कुणी सोलापूर-चंद्रपूरहून हा उद्योग करील असे वाटत नाही. हे काम वरूनच व्हायला हवे. २०२० साली स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ग्राहकांच्या एका संपूर्ण वर्गाच्या वतीने हालचाल करता येते. ग्राहकाला चकवणाऱ्या १३ प्रकारच्या क्लृप्त्यांची यादी नोव्हेंबर २०२३मध्ये याच प्राधिकरणाने केली. त्यात पडद्यावरच्या बटणांची, फसव्या शब्दरचनेची चर्चा आहे. जे लागू होत नाही ते लागू आहे असे भासवणारे कलम त्या यादीत शोभून दिसेल.

त्याहून सोपा मार्ग रिझर्व्ह बँकेचा आहे. जुलै २०१७मध्ये तिने एक परिपत्रक काढले आणि खात्यातून परस्पर पैसे गेले तर चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचा बोजा बँकांवर टाकला. जानेवारी २०१९मध्ये वॉलेट कंपन्यांनाही तसाच नियम लावला. तोवर बँका म्हणत होत्या की करारात तुम्ही सगळी जबाबदारी घेतली आहे. दोन कागदांनी ते बोलणे बंद झाले. लवादाच्या कलमाबाबत असाच एक कागद हवा, आणि त्यात फार काही लिहावे लागणार नाही. ग्राहकाशी होणाऱ्या करारात वाद होण्याआधीच लवादाची सक्ती करणारे कलम घालू नये. जे घातले आहे ते अमुक तारखेपर्यंत काढावे आणि काढल्याचे प्रत्येक ग्राहकाला कळवावे. तक्रार कुठे करायची, किती दिवसांत, आणि ती फुकट आहे, हे ‘मान्य आहे’च्या बटणाच्या वर, बटण ज्या भाषेत आहे त्याच भाषेत छापावे.